काळ्या गाडीवरचे निळे डाग

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. त्यांच्या पांढऱ्या गाडीवर मी पारदर्शक फिल्म लावून दिली होती. ती त्यांनी भांडी घासायची पावडर आणि नारळाचा काथ्या वापरून धुऊन आणली. बॉनेटभर गोल गोल ओरखडे. मी म्हटलं, "सर, हे काय केलं?" ते म्हणाले, "उस्मानभाई, रंग सुरक्षित राहावा म्हणूनच फिल्म लावली ना? मग घासायला काय हरकत आहे?" यावर मी बरंच बोललो. चहा आला, निवला, तरी मी बोलतच होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं लिहून द्या. असंच, चिडून."

तर चिडून लिहितोय.

मी मूळचा पेंटर. अमरावतीत वीस वर्षं गाड्यांना रंगाचा फवारा मारला. रंग गाड्यांवर बसला तसा माझ्या छातीतही बसला. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता हे काम बंद. मग नागपूरला जाऊन फिल्म लावायचं काम शिकलो आणि अमरावतीतच दुकान टाकलं. माझी बायको रझिया तेव्हा म्हणाली होती, "पहले गाडी को रंग लगाते थे, अब प्लास्टिक. आगे क्या, स्वेटर?" मी हसलो होतो. पुढे अकोल्याच्या एका गिऱ्हाइकाने खरंच विचारलं की उन्हाळ्यात फिल्मवरून गोणपाट ओलं करून टाकलं तर चालेल का.

ही फिल्म म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बाहेरच्यांना ती काचेवरची काळी फिल्म वाटते. तशी नाही. ही गाडीच्या पत्र्यावर, रंगाच्या वर बसते. दिसत नाही. जाडीला पोस्टकार्डाएवढी. रस्त्यावरचा खडा उडाला तर तो फिल्मवर बसतो, रंग वाचतो. बारीक ओरखडा आला तर उन्हाने किंवा गरम पाण्याने फिल्म सैल होऊन तो आपोआप भरून येतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यात एवढं एकच वाक्य राहतं, आपोआप भरून येतो. त्यापुढचं तो ऐकत नाही.

पुढचं असं आहे. फिल्मच्या वरच्या अंगाला एक फार पातळ थर असतो. चमक त्याची, पाणी घसरतं ते त्याच्यामुळे. तो थर गेला की फिल्म आंधळी होते. म्हणून धुताना साधा, सौम्य शाम्पू लागतो. दोन बादल्या लागतात, मऊ कापड लागतं. गाडी सावलीत धुवायची, आणि पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही. झालं. यापलीकडे काही नाही. पोर सांभाळण्यापेक्षा सोपं आहे. पण वऱ्हाडात मी एकही गाडी अशी पाहिली नाही जी वर्षभर या पद्धतीने धुतली गेली.

अकोल्याला मी आठवड्यातून दोन दिवस एका मित्राच्या गॅरेजमध्ये बसायचो. तिथे वेगळंच दुखणं. त्या बाजूला खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारट की चहा नासतो. त्या पाण्याने भर उन्हात गाडी धुवायची आणि तशीच सोडून द्यायची. वाळल्यावर गाडी देवी आल्यासारखी दिसते, पांढरे ठिपकेच ठिपके. दर्यापूरकडचे एक शिक्षक हे ठिपके घालवायला रॉकेल लावून आले होते. दुसऱ्या एकाने नव्या गाडीची पूजा करताना तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं आणि सव्वा महिना पुसलं नाही. लग्नाच्या गाडीवर चिकटपट्टीने फुलं लावायची, आणि वरात संपल्यावर ती पट्टी ओढून काढायची, की तिच्याबरोबर माझी फिल्मही निघून येते. आणि या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मिस्तरी, तुमची फिल्म खराब निघाली."

कधी कधी मला स्वतःचीच लाज वाटायची. ती वर्षं आपल्या भागाला वाईट होती. कपाशीला अळी, सोयाबीनला पावसाचा दगा, संत्र्याचा बहार झाडाखाली गळून पडलेला. सकाळच्या पेपरात काय छापून यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि मी दुकान उघडून गाडीच्या दाराला प्लास्टिक चिकटवत बसायचो. रझियाला म्हटलं तर ती म्हणायची, "गाडियां भी यहीं की है, तुम भी यहीं के हो." तिला म्हणायचं होतं, काम कर. पण शेतीचा आणि माझ्या फिल्मचा संबंध कसा येतो ते मला एका काळ्या गाडीने दाखवलं.

ती गाडी शेंदूरजनाघाटच्या विलासभाऊंची. संत्र्याच्या मोठ्या बागा, शिवाय फळाचा व्यापार. उंच, काळी, नवी कोरी गाडी घेऊन ते आले. म्हणाले, "उस्मानभाई, हिच्यावर माशी बसली तं घसरली पाह्यजे." काळी गाडी म्हटलं की मी आधीच घाबरतो. काळ्यावर सगळं दिसतं. मी आढेवेढे घेतले, त्यांनी ऐकलं नाही. चार दिवस खपून पूर्ण गाडीला फिल्म लावली.

गाडी न्यायला त्यांच्याबरोबर दशरथ आला. त्यांचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, सडपातळ, पांढरी टोपी, कमी बोलणारा. मी धुण्याचे नियम सांगायला लागलो तेव्हा विलासभाऊ फोनवर बोलत बाहेर गेले. दशरथ मात्र जवळ येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, "मिस्तरी, दोन बादल्या कायले? एका बादलीनं नाई होत का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला खुर्ची दिली. सांगितलं, "एका बादलीत शाम्पू. कापड गाडीवर फिरवलं की त्याले माती लागते. ते तसंच शाम्पूत बुडवलं तर माती शाम्पूत, आन् शाम्पूतली माती परत गाडीवर. मंग तू गाडी धुऊन नाई राहिला, मातीनं घासून राहिला. म्हून आधी दुसऱ्या बादलीत कापड खंगाळायचं."

"हे बराबर आहे," दशरथ म्हणाला, आणि मान हलवत राहिला.

मी त्याला शाम्पूचा डबा दिला, चांगली मऊ कापडं दिली. वरून रबरी हातमोज्यांचा एक खोकाही दिला. आम्ही दुकानात ते घालतो, कारण हाताचं तेल, घाम, खरबरीत कातडी फिल्मला चालत नाही. त्याचे हात शेतकाम केलेले होते. मी त्याला बजावलं, "दशरथभाऊ, उघड्या हातानं गाडीले हात लावू नोका. मोजे घाला." त्याने खोका दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस मिळाला.

पावसाळा संपता संपता तो एकटाच गाडी घेऊन आला. गाडी पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. बॉनेटवर, दारांवर, टपावर निळसर पांढरे डाग. साध्या पाण्याचे ठिपके पांढरे असतात. हे निळे होते, आणि बोट फिरवलं तर खडबडीत लागत होते. मी विचारलं, "राखेनं धुतली का रे?"

"नाई मिस्तरी. शाम्पूनंच धुतो. दोन बादल्या घेतो."

"मंग हे काय आहे?"

"ते... पंपाचं आहे मिस्तरी. मालक म्हनते का पंपानं..."

मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. पंप म्हटल्यावर मला गाडी धुवायचा पंप दिसला, जोराची धार मारणारा. मी सुरू झालो. धार फिल्मच्या कडेवर मारायची नाही, नोझल दोन हात लांब धरायचं, कड उचलली की आत घाण शिरते, मागच्या वेळी एवढं सांगितलं ते कुठे गेलं. तो उभा राहून ऐकत होता. त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता. मी त्यावरही बोललो, की असल्या कपड्यांनी गाडीला टेकू नको. तो म्हणाला, "आता फवारणीबी माह्याकडंच आहे मिस्तरी. बहार गयला, तं दोन मानसं कमी केले मालकानं." मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला डाग काढायचे होते.

दोन दिवस लागले. व्हिनेगर पाण्यात मिसळून कापड भिजवायचं, डागावर ठेवायचं, सुटेल तेवढं उचलायचं, पुन्हा ठेवायचं. घासायचं नाही. डाग बरेचसे गेले. मधल्या वेळात विलासभाऊंचा फोन, "उस्मानभाई, तुमच्या मालातच खोट आहे." मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या पाण्यात खोट आहे." आमचं चांगलंच वाजलं.

नंतर कुणीतरी सांगितलं की तसला निळा डाग मोरचुदाचा असतो. संत्र्याच्या खोडाला डिंक येतो त्यावर मोरचूद आणि चुना मारतात. मी शेतकरी नाही, मला कळलं नाही. पण कळायला हवं होतं. गाडीवर औषधाचा डाग पडतो तर ते औषध कुठून आलं, एवढा एक प्रश्न विचारायचा होता.

हिवाळ्यात गाडी तिसऱ्यांदा आली. या वेळी विलासभाऊ स्वतः घेऊन आले. बॉनेटवरची फिल्म पंख्याच्या आकारात फुगली होती. हात लावला तर ओल्या साबणासारखी मऊ. एका बाजूने सुरू होऊन रुंद होत गेलेले पट्टे. मी नाक जवळ नेलं. सडक्या लसणासारखा उग्र वास. मला वाटलं, थिनर नाही तर डिझेल.

विलासभाऊ म्हणाले, "बदलून द्या. कंपनीची हमी आहे."

हमी होती. पण कंपनीची अट होती की गाडी चुकीच्या वस्तूने धुतली असेल तर हमी लागू नाही. तसं असेल तर पुरावा मी द्यायचा, नाही तर लावणाऱ्याची चूक धरून नवी फिल्म माझ्या पदरची. मी भांडलो नाही. म्हटलं, भाऊ, गाडी घेऊन जा, दोन दिवसांनी सांगतो. मनात ठरवलं की आपण स्वतः जायचं, हा दशरथ गाडी कशाने धुतो ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि फोटो काढायचे.

दोन दिवसांनी सकाळी मोटारसायकल काढली. मोर्शीत चहा घेतला, तिथून वरूडवरून शेंदूरजनाघाट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा. काही हिरव्या, काही वाळत आलेल्या. मला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. मी वाटेत मनातल्या मनात दशरथला काय काय बोलायचं ते जुळवत होतो.

विलासभाऊंच्या बागेच्या फाटकाशी मोटारसायकल लावली. आत आवारात ट्रॅक्टर उभा होता, मागे फवारणीची पिवळी टाकी, इंजिन सुरू. नळीला बंदूक असते ना, झाडावर औषध मारायची, ती दशरथच्या हातात. समोर काळी गाडी. तो त्या बंदुकीने गाडी धूत होता. सकाळी बागेत कोळशी नावाच्या किडीचं औषध मारून झालं की टाकी नुसती पाण्याने भरायची आणि त्याच जोरावर गाडी धुऊन घ्यायची, अशी पद्धत. टाकी विसळायची कुणाला आठवण नव्हती. तळाशी राहिलेलं औषध त्या पाण्यात होतंच.

मला फार बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. सापडला! मी मोबाईल काढला आणि फाटकाजवळूनच फोटो काढायला लागलो. टाकी, नळी, बंदूक, बॉनेटवरची धार. दहाबारा फोटो काढले. धार नीट दिसावी म्हणून मोठे करून काढले. मग मोबाईल खिशात टाकला आणि ओरडतच आत गेलो.

"दशरथ! अरे, हे काय करून राहिला?"

त्याने इंजिन बंद केलं. जवळ गेलो तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शर्ट अंगाला चिकटलेला, सगळा ओला. पाय अनवाणी. डिसेंबरची थंडी, आणि त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा. तोंडात थुंकी जमत होती, तो वारंवार थुंकत होता. मी दिलेलं मऊ कापड त्याने नाकातोंडाला बांधलं होतं, ते आता हनुवटीखाली ओढलेलं होतं. आणि हातात माझे हातमोजे.

"फवारताना हे मोजे घालतो का?" मी विचारलं.

"नाई नाई मिस्तरी," तो घाईने म्हणाला, जणू मी चोरीचा आळ घेतला होता. "फवारणी उघड्याच हातानं करतो. मोजे गाडीसाठीच ठेवले. तुमी सांगतलं होतं ना, गाडीले उघडा हात लावू नोका म्हून. संपत आले, आता दोनच जोड राहिले."

वाटेत बोलायला जे जुळवून आणलं होतं ते सगळं गेलं.

तो म्हणाला, "मिस्तरी, मले सगयं धूर धूर दिसून राहिलं. तुमी दोन दिसून राहिले." आणि खाली बसला. बसला तो आडवा झाला.

विलासभाऊ घरातून बाहेर आले. "काय झालं? ऊन लागलं असन. निंबूपानी आना रे."

"भाऊ, सकाळचे दहा वाजले आहेत, थंडी आहे. ऊन कुठून लागणार?" मी ओरडलो. "त्याचे कपडे पाहा."

आमच्या गॅरेजमध्ये एकदा एका कामगाराच्या अंगावर थिनरचा डबा सांडला होता. तेव्हाच्या उस्तादांनी सगळ्यात आधी त्याचे कपडे काढले होते. ती एक गोष्ट मला माहीत होती. मी दशरथचा शर्ट फाडून काढला. पँट काढली. तो लाजत होता, "नोका मिस्तरी, बायामानसं पाह्यतील," असं पुटपुटत होता, आणि बोलताना लाळ गळत होती. विहिरीचं स्वच्छ पाणी आणायला सांगितलं. साबण शोधायला वेळ नव्हता. गाडीजवळ माझ्या शाम्पूचा डबा होता, आणि बाजूला दोन बादल्या, त्याने मांडून ठेवलेल्या. मी मोजे चढवले आणि त्या शाम्पूने त्याला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं. केस, कानामागे, बगला, नखं. त्याच्या तळहातांना भेगा होत्या, त्यात पिवळं काही तरी बसलेलं होतं. मी एका बादलीत कापड बुडवत होतो आणि दुसऱ्या बादलीत खंगाळत होतो. वीस वेळा केलं असेल. आता विलासभाऊच विहिरीवरून पाणी आणून ओतत होते.

विलासभाऊंच्या घरातलं एक धोतर गुंडाळून त्याला गाडीत बसवायला गेलो तर तो दाराशी अडला. म्हणाला, "सीट ओली होईन." त्या अवस्थेतही. मी त्याला जवळजवळ ढकललंच. विलासभाऊंनी गाडी काढली. वरूडच्या दवाखान्यात पहिली इंजेक्शनं झाली, आणि तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब अमरावतीला न्यायला सांगितलं. वाटेत दशरथला दोनदा उलटी झाली, दारावर, सीटवर, माझ्या मांडीवर. त्याचं डोकं मी धरून होतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कपडे कुणी काढले?" मी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा. त्या म्हणाल्या, "बरं केलंत. कशाने धुतलं?" मी सांगितलं, गाडीच्या शाम्पूने. त्या म्हणाल्या, "चालेल." त्यांनी समजावून सांगितलं की हे एका दिवसाचं नाही. महिनाभर थोडं थोडं औषध कातडीतून आत जात असणार, आज ते भरून वाहिलं.

दशरथची बायको सुमनबाई संध्याकाळपर्यंत आली. ती वॉर्डाबाहेर बाकावर बसून राहिली. रझियाने तिला घरून डबा आणून दिला. दोघी काय बोलत होत्या माहीत नाही, पण एक मराठीत बोलत होती, एक हिंदीत, आणि दोघी रडत होत्या.

तीन दिवस तो धोक्यात होता. चौथ्या दिवशी शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला. त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात विलासभाऊंनी मला बाजूला घेतलं. ते रोज येत होते, फळं आणत होते, औषधं आणत होते, हे सांगायला हवं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "उस्मानभाई, आता त्या फिल्मचं कसं करायचं?"

माझा आवाज चढला. इतका, की वॉर्डबॉय धावत आला. मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या माणसाच्या अंगावर फिल्म नव्हती. त्याचं कसं करायचं ते आधी बोला. टाकी वेगळी घ्या, त्याला बूट घ्या, मोजे घ्या, तोंडाला बांधायला घ्या. तुमच्या बॉनेटची काळजी मी घेईन, त्याची कोण घेईल?" आणखीही बोललो, ते छापण्यासारखं नाही. विलासभाऊ लाल झाले. जिना उतरून गेले. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. जाऊ दे म्हटलं.

पण पंधरा दिवसांनी ते आले. गाडी दुकानात लावली आणि म्हणाले, "काढून टाका. पूर्ण." मी गरम हवेच्या बंदुकीने फिल्म सैल करून एक एक पत्रा मोकळा केला. खालचा काळा रंग शोरूममधून आल्यासारखा होता. एक ठिपका नाही. मोरचूद, कीडनाशक, सगळं फिल्मने वरच्या वर घेतलं होतं. माझ्या धंद्यात एवढी अभिमानाची गोष्ट दुसरी नसते. विलासभाऊंनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "काम तं चोख केलं हिनं." त्यांनी जाताना माझ्याकडच्या मोज्यांचे चार खोके मागून नेले. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

दशरथची नजर साफ व्हायला दोन महिने लागले. उजव्या हाताची थरथर पूर्ण गेली नाही. त्याने बागेतलं काम सोडलं आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायला लागला. माझ्या दुकानात ये म्हणून मी दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "नोको मिस्तरी. शाम्पूचा वास आला का मले तो दिवस आठोते."

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या मुलीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, बोलावणं आलं. मी आणि रझिया गेलो. घर लहान, अंगणात मांडव. सुमनबाईने माझा हात धरून मला पाहुण्यांसमोर उभं केलं. "हेच ते मिस्तरी. अमरावतीहून देवासारखे धावून आले. त्या दिवशी हे आले नसते तं माहं कुंकू पुसलं असतं." बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मला तोंड कुठे लपवावं कळेना. त्या सगळ्यांना वाटत होतं की मी दशरथच्या काळजीने गेलो होतो.

जेवणं झाल्यावर मी दशरथला मांडवाच्या मागे घेतलं. म्हणालो, "दशरथभाऊ, एक सांगतो. तुह्या बायकोले सांगू नको. त्या दिवशी मी तुले वाचवाले नव्हतो आलो. तू गाडी खराब करतो हे कंपनीले दाखवाले आल्तो. फाटकापासून फोटो काढून राहिलो होतो. तुह्यावर बोंबलाले आल्तो मी."

तो हसला. सुपारी कातरत होता, हात थरथरत होता म्हणून तुकडे लहानमोठे पडत होते.

"मले मालूम आहे," तो म्हणाला. "मीनं पायलं होतं तुमाले, फाटकापासी, मोबाईल धरून."

"पायलं होतं? मंग धार बंद काऊन नाई केली?"

"मालकाले दोनदा सांगतलं होतं मीनं, का मले चक्कर येते, हा पंप नोको. त्याईनं आयकलं नाई. मी काय बोलनार अजून? म्हनलं, मिस्तरी फोटो काढून राहिले तं काढू द्या. फोटो पायल्यावर तरी कोनी इचारन. म्हून मंग मी गाडीच्या अलीकडच्या बाजूनं आलो. तुमाले नीट दिसावं म्हून."

ते फोटो मी कंपनीला पाठवले नव्हते, पण पुसलेही नव्हते. परतीच्या वाटेत मोर्शीला थांबलो तेव्हा मोबाईल काढला. शेवटच्या तीन फोटोंत दशरथ गाडीच्या अलीकडे उभा आहे, पुरा ओला, बंदुकीची धार एका बाजूला, आणि तोंडावरचं कापड हनुवटीखाली ओढून सरळ माझ्याकडे पाहतोय. मी ते फोटो काढताना फक्त धार पाहत होतो.